बिऱ्हाडातली कॉफी

४ जानेवारी

गाडीतलं कॉफीचं यंत्र चालत नाही. आज सकाळी पहिल्यांदा चालू करून बघितलं. टाकी काठोकाठ भरली, बटण दाबलं, आतून घरघर आली आणि नळाच्या चित्राचा लाल दिवा लागला. पुस्तिकेत त्या दिव्याचा अर्थ दिलाय : पाणी भरा. टाकीत डोकावलो तर पाणी गळ्याशी आलेलं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा लाल. उभी हयात फौजेत गाड्या हाकल्या, खोटं बोलणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. खोटं बोलणारं यंत्र पहिल्यांदाच बघतोय.

वीस तारखेला ही येते. त्याआधी ते चाललं पाहिजे.

ही म्हणजे अंकीची आई. अंकिता आमची एकुलती एक, कॅनडात असते. तिच्या बाळंतपणाला ही दसरा झाल्यावर गेली. जायच्या आधी खंडेनवमीला हिने ट्रॅक्टर, पंप, विळे-खुरपी यांच्या रांगेत या गाडीचीही पूजा केली. मी बाहेर नारळ फोडत होतो, ही आत यंत्राला ओवाळत होती. यंत्राच्या कपाळावर तेव्हाचं हळदीकुंकू अजून आहे. मी पुसलेलं नाही, पुसायचं काही कारणही नाही.

गाडी पुण्याच्या एका डॉक्टरची होती, खंडेनवमीच्या जरा आधी घेतली. आत पलंग, शेगडी, न्हाणी, आणि ओट्यावर भिंतीत बसवलेलं हे यंत्र. लोक मोटारहोम म्हणतात, ही बिऱ्हाड म्हणते. तिचंच बरोबर आहे. फौजेत मला फॅमिली क्वार्टर एकदाच मिळालं, बेंगळुरूला, जेमतेम वर्षभर. तेवढंच आमचं दोघांचं बिऱ्हाड. बाकी सगळा काळ ही इथे कडेगावात, माझ्या आईवडिलांना आणि उसाला सांभाळत. बेंगळुरूला शेजारच्या बाईने हिला कॉफी करायला शिकवली. सकाळी दोघं पायरीवर बसून प्यायचो. गावी आल्यावर परत चहा. पुण्याला गाडी बघायला गेलो तेव्हा हिने चाकं बघितली नाहीत की इंजिन बघितलं नाही. "कॉफीचं हाय न्हवं? मग घ्या," म्हणाली. ही आली की पहिली फेरी बेंगळुरूला, ते क्वार्टर बघायला.

६ जानेवारी

कंपनीच्या फोनवर एक दाबा, दोन दाबा करत अर्धी सकाळ गेली. शेवटी एक पोरगी आली. "सर, टंकी में पानी है?" म्हणाली. मी म्हटलं, है. "मशीन किचन में लेवल पे रखी है?" मी म्हटलं, मशीन गाडी में है. मग तिने घाबरत विचारलं, "सर, अभी गाडी चल रही है क्या?" हसावं की ओरडावं कळेना. आमच्या बाजूला त्यांचा माणूस येत नाही म्हणे.

लेव्हलचं मात्र तिने बरं सुचवलं. गाडी बांधाकडेला जरा कलती उभी आहे. चाकांखाली फळ्या सारल्या, ओट्यावर वाटीभर पाणी ठेवून बघितलं, तंतोतंत सपाट. दिवा लालच.

तेवढ्यात भाऊसो आला. शेजारचं रान त्याचं, शाळेपासूनचा माझा दोस्त. कमरेवर हात ठेवून यंत्राकडे बघत म्हणाला, "ह्याचा फुटव्हॉल्व्ह गेला आसंल. हिरीवरच्या पंपात घालतो तसं वरनं पाणी घालून बघ." मला पटलं. म्हशीला औषध पाजायच्या पिचकारीने यंत्राच्या नळीत पाणी मारलं. ते सगळं माझ्या अंगावर आलं.

भाऊसो पोट धरून हसला. "आरं गड्या, त्यापरास च्या घे की. चल घरला. वैनी कवा येत्यात?"

"वीसला."

"मग वीस पातूर आमच्यात जेव. चल."

नाही गेलो. चारचौघांत बसून जेवायचा मला कंटाळा येतो.

८ जानेवारी

शेवटी जावयाला फोन केला. ऋषिराज मूळचा आष्ट्याचा, इंजिनिअर, मला मामा म्हणतो. एरवी त्यांचा फोन रविवारी. ऊस गेला का, जेवलात का, तब्येत कशी, झालं. यंत्राचं ऐकल्यावर मात्र पोराला चेव आला. "मामा, व्हिडिओ लावा. आमच्यात रात हाय, मी मोकळाच हाय. उद्यापासनं सकाळी सातला मीच लावत जातो."

लावला. तो इन्व्हर्टर, व्होल्टेज असलं सांगत होता. त्याच्या मागून कोणी बाई गेली, स्वेटर आणि पायजमा घातलेली, खांद्यावर बाळ. मी आधी ओळखलं नाही. मग ती वळली तर ही! उभ्या जन्मात लुगडं नाहीतर साडी नेसलेली बाई. बाळाच्या पाठीवर थोपटत खिडकीपर्यंत जाई, परत येई.

"कळलं का मामा?" ऋषिराजने विचारलं.

"आवाज तुटतोय रं. पयल्यापासनं सांग."

त्याने पहिल्यापासून सांगितलं. बिचारा शांत आहे.

९ जानेवारी

इन्व्हर्टर तपासला, ठीक आहे. घरातून वायर ओढून थेट लाइटवर चालवून बघितलं. लाल. ही आज टॉवेल घेऊन दोनदा गेली.

११ जानेवारी

आज हिने ऋषिराजच्या हातातून फोन घेतला. "आवं, त्या मशिनीच्या मागं काय लागलाय? च्या तरी करून पिता न्हवं?"

"व्हय."

"पीठ हाय का घरात?"

"हाय."

"म्हशीला वैरण?"

"हाय."

"बरं मग," म्हणाली आणि फोन परत दिला. फौजेत होतो तेव्हा पत्रातही असंच असायचं. पाऊस झाला, गाय व्याली, काळजी घ्या. फोन ठेवल्यावर आठवलं की तिला स्वेटर बरा दिसतो हे सांगायचं राहिलं. पण असलं तोंडावर बोलायची आमच्यात पद्धत नाही.

१२ जानेवारी

यंत्राचा प्रश्न रात्रीच्या गारठ्याचा आहे का हे बघायला गाडीत झोपतोय. पलंग चांगला आहे. घराला कुलूप लावलं. चार खोल्या नुसत्या झाडायच्या कशाला?

१४ जानेवारी

संक्रांत. भाऊसोच्या बायकोने पुरणपोळ्या आणि तिळगूळ पाठवला.

सकाळी फोनवर अंकिता होती. पोरीचं तोंड उतरलेलं. बाळाला खोकला आहे, बाहेर बर्फ आहे, तिला एकटीला झेपत नाही. तिकीट पुढे ढकललं आहे. "आप्पा, आईला मार्चपातूर ऱ्हाऊ दे का?"

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे की. हितं काय अडलंय?"

ही मागे उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे फार बघितलं नाही. एका परीने बरंच झालं, यंत्राला वेळ मिळाला.

हे सगळं खरं नाही. इथे तरी खरं लिहावं. वाईट वाटलं. फोन ठेवल्यावर पोळी खाल्ली नाही, झाकून ठेवली, संध्याकाळी म्हशीला घातली. साठी उलटलेला माणूस मी, पोरासारखा रुसलो आणि रुसल्याचं बघायला कोणी नव्हतं.

१७ जानेवारी

पाणी जड म्हणून आत क्षार बसले असतील असं ऋषिराज म्हणाला. बोअरचं पाणी काढून टाकलं, लिंबाचं पाणी भरून ठेवलं, ओतलं, गाळलेलं पाणी भरलं. लाल.

ही सोफ्यावर बसून बाळाचे कपडे घडी करत होती.

१९ जानेवारी

ऋषिराजने आज नवीन काढलं. डॉक्टरने गाडीत सिमकार्डावर चालणारं वायफाय बसवलेलं आहे. त्याचा पासवर्ड त्याला दिला, यंत्राच्या पाठीवरच्या चौकोनी ठिपक्यांचा फोटो काढून पाठवला. पलीकडे त्याने फोनात काहीतरी केलं आणि म्हणाला, "झालं. आता हे यंत्र मला हितनं दिसंल." एवढ्या लांबून दिवा दिसतो म्हणे. दिसला. लाल.

२० जानेवारी

आज आली असती.

२३ जानेवारी

कारखान्याची टोळी आली, ऊस तुटला. गाडीच्या दोन्ही अंगांना भिंतीसारखा ऊस होता, तो गेला. आता पलंगावरून सागरेश्वरचा डोंगर सरळ दिसतो. टोळीतल्या बायका-पोरांचा दोन दिवस गलका होता, बरं वाटत होतं. आज ट्रॉल्या भरून गेले. रान मोकळं झालं की आवाज नुसता लांब लांब जातो. म्हैस ओरडली तरी दचकायला होतं.

२७ जानेवारी

सापडलं!

काल झेंडावंदनाला मेडल लावून गेलो होतो, आल्यावर मेडल काढून ठेवताना छातीवरच्या पट्टीची पिन हातात राहिली. तिच्याकडे बघून सुचलं. आज सकाळी त्या पिनेला तार बांधून हूक केला, टाकीच्या तळाशी फिरवला. तळाशी एक पांढरा ठोकळा असतो. पाणी असलं की तो वर तरंगतो आणि यंत्राला कळतं की पाणी आहे. माझा ठोकळा तळाला चिकटून बसलेला. त्याच्या खाचेत काहीतरी अडकलेलं. हुकाने ओढलं तर बाहेर आली तुळशीची काडी, मंजुळेसकट. काळी पडलेली, पण आमच्याच दारातली तुळस, मला ओळखू येते. मागोमाग दोन तांदळाचे दाणे.

खंडेनवमी! ही बया आत ओवाळत होती तेव्हा हिने टाकीत पाणी भरलं, आणि पाण्याचा नैवेद्य म्हटल्यावर वर तुळस ठेवली. यंत्र असलं म्हणून काय झालं, तुळशीवाचून पाणी कसं पाजायचं? गाडीतल्या गाडीत खो खो हसलो. तीन आठवडे मी फळ्या सारतोय, लिंबं पिळतोय, कॅनडाचा इंजिनिअर व्होल्टेज मोजतोय, आणि आत हिची तुळस बसलेली.

ठोकळा टुणकन वर आला. दिवा हिरवा. बटण दाबलं. यंत्राने घसा खाकरला आणि कॉफी पडायला लागली. वास असा सुटला की मी मुकाट पलंगावर बसलो. तोच वास. क्वार्टरची पायरी, समोर गुलमोहर, ही ओल्या केसांनी.

हाताने आपोआप दुसरा कप लावला. तो भरल्यावर लक्षात आलं. आता काढलाच आहे तर म्हणून समोरच्या बाजूला ठेवला. माझा पिऊन झाल्यावर तिचाही मीच प्यायलो, गार.

सातला फोन वाजला. पहिल्या वाक्यालाच सांगणार होतो, तुळशीवरून हिची चांगली फिरकी घेणार होतो. वाक्य तोंडात तयार होतं. ऋषिराज म्हणाला, "मामा, दिवा?" त्याच्या मागे ही सोफ्यावर, तोंड माझ्याकडे, मांडीवर कपड्यांचा ढीग. यंत्र झालं म्हणजे उद्यापासून सातच्या फोनाचं काय काम? परत रविवार. ऊस गेला का, जेवलात का.

"लालच हाय," मी म्हटलं.

२८ जानेवारी

फौजेत असं केलं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं. चालू गाडी बंद दाखवायची! पण मी कोणाचं काय नुकसान करतोय?

एक शंका आली. ऋषिराजला तिकडून दिवा दिसतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला तितनं काय काय दिसतं रं?"

त्याने मागे वळून बघितलं. "काय न्हाई मामा. तुमच्यात रेंज कुठाय? कधी दिसतं, कधी न्हाई. आज काहीच दिसंना."

सुटलो. आपल्याकडच्या रेंजला मी इतके दिवस उगाच शिव्या घालत होतो.

२ फेब्रुवारी

पहाटे दोन कप, मग फोन. फोनच्या आधी कप धुऊन ठेवतो आणि खिडक्या उघडतो. फोनवरून वास जात नाही हे मला कळतं, तरी उघडतो.

ऋषिराजने आज नुसती टाकी उन्हात वाळवायला सांगितली. काल जाळी मऊ फडक्याने पुसायला सांगितली होती. त्याच्याजवळचे उपाय संपत आले असावेत, पण पोराची चिकाटी दांडगी. ही तिथेच होती, घड्या घालत. एवढ्याशा बाळाला इतके कपडे लागतात?

५ फेब्रुवारी

भाऊसोने पकडलं. दबकत आला आणि दारात उभा राहून नाक वर केलं. "आरं तिच्यायला, चालतंय की रं!"

"हळू बोल."

"ह्यात हळू काय बोलायचं? चोरीची हाय व्हय कॉफी?"

त्याला आत घेऊन कप दिला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "जहर हाय. ह्यासाठी आटापिटा केलास?" मग ओट्यावरच्या दुसऱ्या कपाकडे त्याचं लक्ष गेलं. भरलेला, वाफ येत असलेला. माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड म्हणजे फुटलेला पाट, पण आज कप ठेवून तो उठला. जाताना एवढंच म्हणाला, "सांगून टाक की गड्या वैनीला."

"काय सांगू? यंत्राचं?"

"न्हवं, यंत्राचं न्हवं," म्हणाला आणि गेला. काय म्हणायचं होतं त्याला कोण जाणे.

९ फेब्रुवारी

आज एक गंमत. ऋषिराज बोलता बोलता म्हणाला, "मामा, उपाशीपोटी कॉफीवर कॉफी घेऊ नका. पित्त व्हतं."

"कसली कॉफी? यंत्र बंद हाय न्हवं?"

"व्हय व्हय. चालू झाल्यावरचं म्हणतोय."

मागे ही फसकन हसली. का ते कळलं नाही, बाळाने काहीतरी केलं असेल. पोराच्या डोक्याला कामाचा ताण दिसतो.

११ फेब्रुवारी

आज हिने निळा स्वेटर घातला होता. केस विंचरलेले. सोफ्यावरून उठून ऋषिराजच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि तिथेच घड्या घातल्या. पाहिलं तर तिच्या कानशिलावरचे केस पार पांढरे झालेत. इथे असताना माझ्या नजरेत आले नव्हते.

मी म्हटलं, "सेटर बरा हाय."

"अंकीचा हाय," ती म्हणाली. आणि घडी घातलेलं झबलं परत उलगडलं.

१६ फेब्रुवारी

वाईट दिवस.

अंकिता आणि ऋषिराज दोघं बसले होते. तिकडच्या सरकारचा सुपर व्हिसा म्हणून प्रकार असतो. तो मिळाला की आई-बाप वर्षानुवर्षं मुलांकडे राहू शकतात. अंकिताला पुढे कामावर जायचं आहे, बाळ परक्याकडे ठेवायला जीव होत नाही. "तुमी बी या की आप्पा. दोघांचा काढू."

मी म्हटलं, "म्हस काय विमानात बसवू? रान कोण बघंल?"

"मग आईचा तरी काढू?"

तेवढ्यात बाळ रडलं आणि ही उठून आत गेली. तिचं तोंड मला दिसलं नाही. मी म्हटलं, "तिला इचारा. ती म्हणंल तसं. माझं काय, माझं झ्याक चाललंय. काढा."

काढा म्हणालो. बाई आयुष्यभर मी जिथे नाही तिथे राहिली, तेव्हा कधी तक्रार केली नाही. मग मी कोणत्या तोंडाने तिला ये म्हणायचं? तिथे तिला नात आहे, लेक आहे, ऊबदार घर आहे. इथे काय, म्हैस आणि मी. पण मला ती इथे पाहिजे. रोज पाहिजे. फोनातल्या मागच्या सोफ्यावर नको.

१७ फेब्रुवारी

कॉफी केली. दुसरा कप न काढायचं ठरवलं होतं. काढला.

२२ फेब्रुवारी

ताप आला होता, तीन दिवस फोन घेतला नाही, यंत्र लावलं नाही. भाऊसोची बायको पेज देऊन जायची. घरात येऊन झोपा म्हणाली, पण गाडीतून उठवत नव्हतं. आज उतरला. मोबाइलात कॅनडाचे कॉलच कॉल साठलेत. भाऊसोलाही तिकडून फोन गेला म्हणे. "वैनी लय घाबरल्यात," म्हणाला. "मला पयलं ह्येच इचारलं, की यंत्र का बंद हाय म्हणून."

यंत्र तर जानेवारीपासून बंदच आहे. तिला हे नव्याने काय झालं? तापात मला नीट ऐकू आलं नसेल.

२३ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहून ठेवतो.

अजून अंगात शक्ती नव्हती, तरी पहाटे उठून कॉफी केली. दोन कप. धुऊन ठेवायच्या आधीच फोन वाजला. सात वाजायचे होते. पडद्यावर ही, एकटी. मागे ऋषिराज नाही, अंकिता नाही, बाळही नाही. फोन तोंडाच्या इतका जवळ धरलेला की निम्मं कपाळच दिसत होतं.

"ताप उतरला?"

"उतरला."

"फोन फिरवा जरा. मशिनीकडं."

मी म्हटलं, "ती बंद हाय."

"फिरवा म्हणते न्हवं."

फिरवला. आता काय करणार? हिरवा दिवा, खाली दोन कप, दोन्हीतून वाफा.

"आवं," ती म्हणाली, "ऋषिराजच्या फोनात समदं दिसतं. कप काढला की त्याच्या फोनात टिंग वाजतं."

माझे कान गरम झाले. "कवापासनं?"

"पयल्या दिसापासनं. तुमी लाल म्हणाला त्या दिशी बी टिंग टिंग दोनदा वाजलं हुतं."

"मग त्यो रोज मला जाळी पुसाय, टाकी वाळवाय का लावत हुता?" मी भडकलोच. माझ्याच जावयाने मला महिनाभर खुळं केलं!

"मीच सांगितलं हुतं त्याला. काय बी सांग, पण फोन चालू ठिव. मामा सवता हून कवा रोज फोन लावायचं न्हाईत." मग आवाज खाली आणला. "आन मला बी तुमी दिसत हुता. तीच कापडं परत परत इस्कटून घड्या घालत बसायची मी. अंकी हसायची."

तिने फोन जरा लांब धरला, तेव्हा कुठे तिचे डोळे दिसले.

"येक इचारू? भाऊसो भावजी कॉफी पीत न्हाईत. मग रोज दुसरा कप कुणाचा?"

मला बाहेरून टिटवीचा आवाज येत होता तेवढं आठवतंय. मग म्हटलं, "तुजा."

"मग कोण पितं त्यो?"

"मीच. गार झाल्यावर."

ती रडायला लागली. मीही रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही. तीन दिवस टिंग वाजलं नाही तेव्हा भाऊसोला फोन लागेपर्यंत तिने घास तोंडात घातला नाही. व्हिसाच्या कागदावर तिने सही केलेली नाही. मी काढा म्हणालो ते तिने आतून ऐकलं होतं आणि त्या रात्री ती माझ्यावर एवढी चिडली होती की तिला झोप आली नाही. "काढा म्हणं! झ्याक चाललंय म्हणं! हितं दोन दोन टिंग वाजत्यात आन झ्याक चाललंय!" अंकितालाही तिने सांगून टाकलं आहे. पाडव्याच्या आधीचं तिकीट काढलं. बाळाला जरा मोठं होऊ दे, मग पावसाळ्यानंतर आपण दोघं महिनाभर तिकडे जाऊ. म्हैस भाऊसो बघेल, त्यालाही तिने परस्पर विचारून टाकलंय.

सगळं ठरवून झाल्यावर नाक पुसून म्हणाली, "मशिनीला काय झालं हुतं, त्ये तर सांगा."

एवढे दिवस पोटात ठेवलेलं सगळं मी बाहेर काढलं. "काय झालं हुतं? तुजी तुळस अडकली हुती टाकीत! मंजुळेसकट! यंत्रात कोण तुळस टाकतं गं?"

"निवदाच्या पाण्यावर मग काय ठेवत्यात?" ती म्हणाली. "आन येक पान ठिवलं तर बिघडतं, असली कसली मशीन घेतली तुमी?"

"मी घेतली? तूच म्हणालीस घ्या म्हणून!"

पलीकडून अंकिताची झोपमोड झाली आणि तिने दोघांनाही हळू बोलायला सांगितलं. तरी आम्ही भांडत होतो.

नंतर घराचं कुलूप काढलं. चारी खोल्या झाडल्या. भाऊसो येऊन उंबऱ्यावर बसला, काय झालं विचारलं नाही, नुसता तंबाखू मळत हसत होता.

आता दुसरा कप काढायचा नाही, तिने बजावलंय. तो ती येऊन पिणार.

इतकी वर्षं डायरी लिहितोय, फौजेपासून, आणि सगळीकडे ही, हिने, हिला. मागे एका पानावर खुलासाही केलाय की ही म्हणजे अंकीची आई. तो खोडायला पाहिजे. ही म्हणजे अंबू.